लांब पल्ल्याची शिकवण

जालना जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता उभे राहिले, तर अंधारातून पावलांचा आवाज ऐकू येतो. ही मुले-मुली भरतीची तयारी करीत असतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी हेच अंतर ५ किलोमीटर असते. या धावणाऱ्यांमध्ये आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी हमखास भेटतात. आम्हीही गेली अनेक वर्षे त्याच रस्त्यावर, त्यांच्यापेक्षा बऱ्याच मंद गतीने, लांब पल्ल्याचे धावणे करीत आलो आहोत.

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने स्मरणिकेत धावण्याविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु वर्गात ज्या प्रश्नाने आम्हांला सर्वांत अधिक छळले, त्याचे उत्तर शोधताना पुस्तकांइतकीच मदत या रस्त्याने केली आहे. तो प्रश्न असा : हुशार असलेली, मेहनतीची तयारी असलेली आपली मुले मध्येच वाट का सोडतात? भरतीची जाहिरात निघाली की मूल दोन महिने जिवाच्या आकांताने धावते, नडगी दुखवून घेते, काही गुणांनी मागे पडते आणि नंतर ना मैदानावर दिसते ना ग्रंथालयात. बारावीत एका विषयात अनुत्तीर्ण झालेला मुलगा पुन्हा परीक्षेला बसत नाही. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुलगी मार्चमध्ये परतते, पण शाळेत परतत नाही. या सर्वांत बुद्धीची उणीव नसते. लांबचा पल्ला कसा कापायचा, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. शिक्षक म्हणून आपण ते शिकवू शकतो काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

लादलेले धावणे आणि निवडलेले धावणे

प्रथम थोडा इतिहास पाहू. आपल्या समाजाला धावणे नवे नाही. ते आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेले होते. गावकीच्या कामांत मृत्यूची वार्ता घेऊन पाहुण्यांच्या गावी जाणे, सरकारी टपाल आणि वसुलीचा भरणा तालुक्याला पोहोचविणे, आल्यागेल्या अंमलदाराला वाट दाखवीत त्याच्या घोड्यापुढे पळणे ही कामे महाराकडे असत. त्यांना वेळकाळ नव्हता. ऊन असो, पाऊस असो, बोलावणे आले की निघावयाचे. घरातील कर्ता पुरुष नसेल, तर त्याच्या जागी घरच्या दुसऱ्या माणसाने जावयाचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनजमीन आणि बलुत्याची भाकरी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीच्या मुळावर घाव घालण्यासाठीच. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. विधेयक मांडल्यापासून कायद्यापर्यंत तीस वर्षांचा पल्ला पडला आणि तो कायदा पाहावयास बाबासाहेब राहिले नव्हते.

म्हणून आपल्या घरातील मूल स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या अंगातील बळ अजमावण्यासाठी धावते, तेव्हा ती केवळ कसरत राहत नाही. आज्याच्या पायांवर दुसऱ्याचा हुकूम होता, नातवाच्या पायांवर त्याची स्वतःची सत्ता आहे. वर्गात वतनाचा धडा शिकविताना आम्ही हा फरक मुलांना आवर्जून सांगतो.

अनवाणी, उपेक्षित पायांत किती बळ असते, याची साक्ष क्रीडेच्या इतिहासातही आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत खेड्यांतून आलेले शेतकरी अनवाणी धावून युरोपीय धावपटूंच्या जवळपासची वेळ देतात, हे दोराबजी टाटा यांनी पाहिले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू पाठविण्याच्या प्रयत्नांना त्यातून चालना मिळाली. त्या ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. ज्या देशात मॅरेथॉन हा शब्दही बहुतेकांनी ऐकला नव्हता, तेथील माणसाने पहिल्याच खेपेस ती पूर्ण केली. पायांत बळ होते. ते पाहणारी नजर आणि संधी तेवढी हवी होती.

वीस सेकंदांसाठी सहा वर्षे

आता आपल्या काळाकडे आणि आपल्या शेजाराकडे येऊ. जालना जिल्ह्यातून गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे आज देशाला ठाऊक आहेत. कष्टकरी कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वाहन नसल्यामुळे शाळेची सहा किलोमीटरची वाट पायी व पळत कापीत असे. बारावीनंतर ते सैन्यात गेले आणि महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे वाळवंट त्यांनी शिपाई म्हणून पाहिले. आज अनेकांना आश्चर्य वाटते, पण सैन्यात जाईपर्यंत ते स्पर्धात्मक धावपटू नव्हते. २०१५ मध्ये, वयाच्या विशीनंतर, ते क्रॉस-कंट्री शर्यतींकडे वळले आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस हा प्रकार स्वीकारला.

महार रेजिमेंटचे नाव येथे सहज येते, पण त्यामागेही एक लांबचा पल्ला आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धात तात्पुरती उभी केलेली पलटण युद्धानंतर मोडली गेली. अर्ज, विनंत्या आणि बाबासाहेबांचा पाठपुरावा यांनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांचे जवान खांद्याला खांदा लावून आहेत. एका पिढीने मागून घेतलेल्या दारातून पुढच्या काळातील कोणत्याही घरचा मुलगा आत जाऊ शकतो, हे त्या संघर्षाचे खरे यश होय.

साबळे यांच्या कारकिर्दीतील आकडे शिक्षकाने फळ्यावर लिहून ठेवावेत असे आहेत. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा, ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर त्यांनी स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. २०१९ मध्ये दोहा येथे ८ मिनिटे २१.३७ सेकंद, २०२१ मध्ये टोकियो येथे ८ मिनिटे १८.१२ सेकंद, २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे ८ मिनिटे ११.२० सेकंद आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद. पहिल्या विक्रमापासून या वेळेपर्यंत सुमारे वीस सेकंद कमी झाले आणि त्यासाठी जवळजवळ सहा वर्षे लागली. वर्षाला तीन-साडेतीन सेकंद एवढीच ही प्रगती. एखाद्या पालकाने गुणपत्रिकेत एवढी वाढ पाहिली, तर तो म्हणेल, काहीच फरक पडला नाही!

त्यांतील टोकियोचा प्रसंग अधिक बोलका आहे. ऑलिंपिकमध्ये राष्ट्रीय विक्रम करूनही साबळे यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम धाव द्यावी आणि तरीही दार बंद राहावे, असा तो दिवस होता. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले. १९९८ पासून त्या स्पर्धेतील या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंकडे जात होती, ती परंपरा त्या दिवशी खंडित झाली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय पुरुष ठरले व तेथे अकरावे आले.

दहावीत सत्तर टक्के मिळालेल्या मुलाला आपण अपयशी म्हणतो, भरतीत दोन गुणांनी राहिलेल्यास गाव नावे ठेवते. अशा वेळी शिक्षकाने हे आकडे दाखवावेत. तुझी आजची वेळ कोणापेक्षा कमी, हा प्रश्न दुसरा. कालच्या तुझ्या वेळेपेक्षा ती कशी आहे, हा प्रश्न पहिला.

सावकाश सुरुवात

लांब पल्ल्याचे धावणे शिकू लागणारा प्रत्येक जण एकच चूक करतो : तो फार वेगाने सुरुवात करतो. यामागचे शास्त्र समजून घेणे उपयोगाचे आहे. सतत काही महिने सावकाश धावले की हृदय एका ठोक्यात अधिक रक्त फेकू लागते, स्नायूंत सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि प्राणवायूचा वापर करण्याची पेशींची क्षमता वाढते. हा पाया मंद गतीनेच घातला जातो. जाणकार त्यासाठी साधी खूण सांगतात : धावताना शेजारच्याशी सलग बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील, तर गती अधिक आहे.

दुसरी गोष्ट शरीराच्या निरनिराळ्या भागांची. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण कंडरा आणि हाडे बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात मुलाला वाटते, आता मी कितीही धावू शकतो. त्याचा दम तसे सांगत असतो. नडगीचे हाड मात्र अजून तयार झालेले नसते. भरतीच्या तोंडावर दुखणारी नडगी ही बहुधा या घाईची किंमत असते.

वर्गातही हेच घडते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावीपर्यंत आले आहे, तेथील मूल पाठांतरात झपाट्याने पुढे जाते. तो त्याचा दम होय. वाचनाची सवय, शब्दसंग्रह, न समजल्यास हात वर करून विचारण्याचे धैर्य ही त्याची हाडे होत. ती सावकाश घडतात. पहिल्या सहामाहीत चमकलेल्या मुलावर आपण एकदम तीन स्पर्धा परीक्षा, दोन शिकवण्या आणि घराण्याच्या सगळ्या आशा लादतो, तेव्हा त्याचे कोठे तरी हाड तडकते. ते एक्स-रेमध्ये दिसत नाही, एवढाच फरक. सहावी-सातवीत रोज अर्धा तास स्वतःच्या आनंदासाठी अवांतर वाचन करणारे मूल निकालपत्रकात लगेच उठून दिसत नाही. दहावीनंतर मात्र तेच टिकते, असा आमचा अनुभव आहे.

वीणेची तार आणि पायांतील वहाण

या ठिकाणी तथागतांच्या काळातील सोण या भिक्खूची कथा आठवते. सोण हा चंपा नगरीतील श्रीमंत घरचा, अतिशय लाडात वाढलेला तरुण. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने असा प्रयत्न आरंभिला की चंक्रमण करता करता त्याच्या कोमल तळव्यांतून रक्त वाहू लागले. एवढे करूनही चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परतावे असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला त्याच्याच आवडीच्या विषयातील प्रश्न विचारला. तू घरी वीणा वाजवीत होतास. तारा अति ताणल्या तर ती वाजते काय? अति सैल ठेवल्या तर? सोणाला उमगले की प्रयत्नाचाही सूर लावावा लागतो. वीर्य अति झाले तर चित्त अस्वस्थ होते, कमी पडले तर आळस येतो.

धावण्यातील विश्रांतीचा नियम यापेक्षा वेगळा नाही. शरीर बळकट होते ते धावताना नव्हे, तर धावल्यानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. धावण्याने स्नायूंवर ताण येतो, विश्रांतीत त्यांची दुरुस्ती होते आणि ते पहिल्यापेक्षा थोडे अधिक सक्षम होतात. म्हणून चांगले प्रशिक्षक कठीण दिवसानंतर हलका दिवस ठेवतात. निवासी शाळेत पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत मुलाचा प्रत्येक तास बांधलेला असतो. त्या वेळापत्रकात खेळाचा तास आणि पुरेशी झोप या चैनीच्या बाबी नाहीत. शिकलेले आत मुरण्याचा तो काळ आहे. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी मैदानावर गदा येते. तसे करणे म्हणजे तार अति ताणणे होय.

सोणाच्या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगतो. त्याचे रक्ताळलेले पाय पाहून तथागतांनी त्याला एकपदरी तळाची वहाण वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्याचे नाकारले. सर्व भिक्खूसंघाला अनुज्ञा मिळाली तरच मीही वापरीन, असे त्याने सांगितले. तेव्हा तथागतांनी ती संपूर्ण संघाला दिली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या छोट्याशा प्रसंगात शिक्षणाची सारी नीती आहे. प्रयत्न कर, असे मुलाला सांगण्यापूर्वी त्याच्या पायांत काय आहे ते पाहावे. आणि जी सोय करावयाची ती एका गुणवंतापुरती न करता सर्वांसाठी करावी.

न पडणारे अडथळे

स्टीपलचेस ही शर्यत अनेक वाचकांनी पाहिलेली नसेल. ३००० मीटरच्या अंतरात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. नेहमीच्या अडथळ्यांच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा आडवा पडतो. स्टीपलचेसमधील अडथळा भक्कम लाकडी ओंडक्यासारखा असतो. तो पडत नाही, धावणारा पडतो. पुरुषांसाठी त्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर. अशा अडथळ्यापाशी येताना गती फार कमी झाली तरी घात होतो आणि अंदाज चुकला तरी घात होतो. थकलेल्या अवस्थेतही प्रत्येक फेरीत तोच अडथळा पुन्हा समोर येतो.

स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती थेट २००८ साली. त्यानंतर आठच वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी या शर्यतीची अंतिम फेरी गाठली व तेथे त्या दहाव्या आल्या. प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला होता. पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकमधील धावण्याच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत उभी राहिली, आणि ती पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखातून आलेली होती.

आपल्या मुलींपुढील अडथळे असेच न पडणारे आहेत. आठवीनंतर गावात शाळा नसणे, एसटीची वेळ न जुळणे, धाकट्या भावंडांचे करणे, दुष्काळाच्या वर्षी घाईने ठरणारे लग्न, आणि या सर्वांच्या तळाशी असलेली जात. यांना नुसता धक्का देऊन ते आडवे होत नाहीत. मात्र येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. मैदानावरील अडथळा हा खेळाच्या नियमाचा भाग आहे. समाजातील अडथळा माणसांनी माणसांसाठी रचलेला अन्याय आहे. तो उखडून टाकण्याचे काम बाबासाहेबांनी आपल्यावर सोपविले आहे आणि ते चळवळीचे काम आहे. परंतु आज नववीत असलेली मुलगी ते काम पूर्ण होईपर्यंत थांबू शकत नाही. तिला या वर्षीच दहावीला जावयाचे आहे. म्हणून शिक्षकाला दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात : अडथळा हटविण्यासाठी समाजाशी बोलणे आणि तो हटेपर्यंत तो ओलांडण्याचे बळ मुलीच्या पायांत उतरविणे.

खंड म्हणजे शेवट नव्हे

लांब पल्ल्याच्या धावपटूच्या आयुष्यात खंड येतोच. दुखापत, आजारपण, घरची अडचण. खंडानंतर परतणाऱ्याने जुन्या गतीपासून सुरुवात करावयाची नसते. थोडे अंतर, मंद गती, मग हळूहळू वाढ. पूर्वी घातलेला पाया सर्वस्वी नाहीसा होत नाही, म्हणून दुसऱ्यांदा सावरण्यास पहिल्याइतका काळ लागत नाही.

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा आलेख या दृष्टीने मुलांसमोर ठेवावा. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, त्यामधला खंड मात्र सांगत नाही. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. बडोद्यात अपमान सोसला, मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन केले, पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. तीन वर्षांच्या खंडानंतर जेथे वाट सुटली होती तेथूनच त्यांनी ती पुन्हा धरली.

ऊसतोडीहून परतलेल्या मुलीला वर्गात शेवटच्या बाकावर बसवून, तुझे आता होणार नाही, असे सुचविणे हा या इतिहासाचा अवमान आहे. तिला चार महिन्यांचा अभ्यासक्रम चार दिवसांत भरवू नये, आणि तिला सोडूनही देऊ नये. खंडानंतर परतलेल्या धावपटूसारखा तिचा स्वतंत्र, हलका आराखडा असावा. तिचे पहिले आठवडे गुणांसाठी नसून वर्गात पुन्हा रुळण्यासाठी आहेत, हे तिलाही सांगावे आणि तिच्या पालकांनाही सांगावे.

शिक्षक कोठे धावतो?

आता अखेरचा प्रश्न : या शर्यतीत शिक्षकाचे स्थान कोणते? धावण्याच्या क्षेत्रात पेसर नावाची भूमिका असते. ठरलेली गती राखून तो मुख्य धावपटूच्या सोबत किंवा पुढे धावतो, वारा अंगावर घेतो आणि आपला वाटा संपला की बाजूला होतो. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्ना येथे केनियाचे एलिउड किपचोगे यांनी मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत कापले. त्यांच्यासाठी ४१ पेसर आळीपाळीने धावले. अशा खास व्यवस्थेमुळे ती वेळ अधिकृत विश्वविक्रम म्हणून नोंदली गेली नाही, तरीही मनुष्य दोन तासांच्या आत मॅरेथॉन धावू शकतो हे जगाने पाहिले. त्या ४१ जणांत स्वतः नामांकित असलेले अनेक धावपटू होते. अखेरच्या टप्प्यात ते मागे सरले आणि किपचोगे एकटे पुढे गेले.

शिक्षकाची भूमिका आम्हांला हीच वाटते. पेसरने स्वतःच्या गतीने धावावयाचे नसते, धावपटूला झेपेल त्या गतीने धावावयाचे असते. तो फार पुढे गेला तर निरुपयोगी, मागे राहिला तरी निरुपयोगी. वारा अंगावर घेणे म्हणजे कार्यालयातील खेटे, जातीच्या दाखल्याची धावपळ, शिष्यवृत्तीचा अर्ज, घाबरलेल्या बापाची समजूत. आणि एक दिवस बाजूला होणे म्हणजे विद्यार्थ्याने आपल्यापेक्षा पुढे जाणे आनंदाने पाहणे. एका वर्गात चाळीस मुले चाळीस गतींनी धावतात, हे मात्र पेसरच्या वाट्याला न येणारे अवघड काम आहे. म्हणूनच एक शिक्षक पुरेसा पडत नाही. किपचोगेंनाही एका पेसरवर भागविता आले नाही. पालक, माजी विद्यार्थी, विहारातील उपासक-उपासिका यांनी आळीपाळीने हा वारा अंगावर घ्यावयाचा आहे.

त्यासाठी स्मरणिकेच्या निमित्ताने तीन विनंत्या करतो. पालकांना विनंती अशी की मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्याच गेल्या वर्षाशी करावी, आणि स्थलांतराची वेळ आली तर मुलाला बरोबर नेण्याऐवजी शाळेच्या वसतिगृहात ठेवण्याचा विचार प्रथम करावा. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की वर्षातून एकदा येऊन मुलांना आपल्या यशाबरोबर आपला दुसरा आणि तिसरा प्रयत्नही सांगावा. पहिल्या प्रयत्नात मिळालेल्या यशापेक्षा त्याची मुलांना अधिक गरज आहे. आणि समाजबांधवांना विनंती अशी की दान देताना सोणाची वहाण आठवावी. पहिल्या आलेल्या एका मुलाला महागडे बूट देण्यापेक्षा वर्गातील सर्वांना साधे बूट द्यावेत.

पोलीस भरतीचे १६०० मीटर काही मिनिटांत संपतात. मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यापुढील अंतर त्याहून कितीतरी मोठे असते, आणि त्याच्या घरातील कोणी ते यापूर्वी कापलेले नसते. आपल्या शाळेतून किती मुले पहिली आली, याची यादी या स्मरणिकेत आहेच आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. पुढील स्मरणिकेत तिच्याशेजारी आणखी एक यादी असावी : खंड पडूनही परत आलेल्या आणि पल्ला पूर्ण केलेल्या मुला-मुलींची. ती यादी जितकी लांबेल, तितकी ही शाळा सार्थ झाली असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जय भीम!